गाठ सापडल्यापासून इलाजापर्यंतचे अंतर कमी करण्यासाठी मंडळाचे नम्र आवाहन

सप्रेम नमस्कार,

संक्रांतीच्या हळदीकुंकवाआधी मंडळाचे पत्र दरवर्षी आपल्या हाती पडते आणि त्यात तिळगुळाच्या निमंत्रणाबरोबर वर्गणीचा आकडा असतो, हे आपणांस ठाऊक आहे. या वर्षीचे पत्र लांबले आहे आणि मागणेही मोठे आहे. मंडळाने पंचक्रोशीत चालविलेले स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीचे काम पैशाअभावी पुढच्या फेरीत थांबेल, अशी स्थिती आली आहे. म्हणून कार्यकारिणीच्या वतीने मी हे आवाहन करीत आहे.

हे काम का सुरू झाले, ते जुन्या सभासदांना सांगण्याची गरज नाही. परंतु नव्याने नांदायला आलेल्या मुलींसाठी लिहिते. मंडळाच्या पापडांच्या कामाला सर्वांत आधी येणारी आपली एक मैत्रीण होती. घरच्यांच्या इच्छेनुसार तिचे नाव येथे घेत नाही. अंघोळ करताना तिच्या हाताला तुरीच्या दाण्याएवढी गाठ लागली होती. ती दुखत नव्हती, आणि दुखत नाही म्हणजे साधीच असणार, असे तिने मनाशी ठरविले. मग मुलीचे लग्न आले, मग सोयाबीनची रास आली, आणि गाठ आवळ्याएवढी होऊन वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत झाली, तेव्हा ती पहिल्यांदा जावेजवळ बोलली. पापड लाटताना ती डाव्या खांद्यावरून पदर दुहेरी घेऊ लागली होती. आम्ही दहाजणी ते रोज पाहत होतो आणि तिला थंडी सोसत नाही, असे म्हणत होतो. बार्शीला तपासणी झाली तेव्हा आजार हाडांत पोहोचला होता. पुढचा पाडवा तिने पाहिला नाही.

तिच्या दिवसकार्यानंतरच्या पहिल्याच सभेत तेव्हाच्या अध्यक्षा वहिनींनी विषय मांडला, आणि निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी तिथल्या तिथे हातातील पाटल्यांचा जोड काढून टेबलावर ठेवला. त्या पाटल्या घेताना पेठेतील सराफ काकांनी घट धरली नाही, आणि वर स्वतःची रक्कम घातली. दूध संकलन केंद्राच्या टेंपोचे मालक रिकाम्या परतीच्या फेरीत आपल्या बायकांना बार्शीच्या दवाखान्यापर्यंत सोडू लागले. डिझेलचे पैसे त्यांनी आजतागायत घेतलेले नाहीत. मार्केट यार्डातील हमाल बांधवांनी एका दिवसाची हमाली आणून दिली, आणि ती देताना त्यांच्यातील एक वयस्कर गृहस्थ एवढेच म्हणाले की, आमची आई याच दुखण्याने गेली, तेव्हा दुखण्याला नाव नव्हते. पुण्यात आणि आखातात नोकरीला असलेल्या गावच्या मुलांनी दोन वर्षे नियमाने रक्कम पाठविली. शिंपी मावशींचे ऋण तर कोणत्या वहीत लिहावे, हा प्रश्नच आहे. स्तन काढलेल्या बायकांना एका बाजूचे वजन गेल्यामुळे खांदा वाकडा पडू लागतो आणि पोलके बसत नाही, हे त्यांनी पाहिले. तान्ह्या बाळाला आपण मोहरीची उशी करतो, तशी त्यांनी मऊ सुती साडीची गोल पिशवी शिवली, आत कापूस आणि मधोमध वजनापुरती मोहरी भरली, आणि ती पोलक्याच्या आतल्या कप्प्यात बसविली. कोणाचा उजवा, कोणाचा डावा, कोणाचे माप किती, हे सारे त्यांच्या डोक्यात असते. या सर्वांचे मंडळ ऋणी आहे.

आपल्या भागाने याआधीही मोठे काम केले आहे, आणि त्याची जाण आपल्यालाच कमी आहे, याची खंत वाटते. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीत सुरू झाली. बार्शी, भूम आणि परांडा या तीन तालुक्यांतील ३४६ गावे तिच्यात होती. दवाखान्यात बसून नोंदी मिळेनात, म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले, पारावर बसले आणि लक्षणे समजावून सांगू लागले. केवळ या बोलण्याने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या, हे पुढे शास्त्रीय नियतकालिकात सिद्ध झाले. शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ४९७ गावांतील १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला, आणि एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूच्या तपासणीने, त्या आजाराचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ साली जगाला कळले. त्या स्त्रिया आपल्याच सासवा, मावश्या आणि चुलत्या होत्या.

स्तनाच्या कर्करोगाबाबत असेच काम मुंबईत झाले. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली मुंबईतील गरीब वस्त्यांमधील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचे दोन गट करून अभ्यास सुरू केला. एका गटातील स्त्रियांना दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने तपासले. दुसऱ्या गटाला आजाराची माहिती दिली आणि दोन्ही गटांवर वीस वर्षे लक्ष ठेवले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तपासलेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या, म्हणजे पुढे गेलेल्या, अवस्थेत सापडलेल्या रुग्ण ३७ टक्के होत्या, तर दुसऱ्या गटात ४७ टक्के. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये या आजाराचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. यासाठी महागडे यंत्र लागले नाही. मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, आधी हलका, मग मध्यम, मग खोल दाब देत, काखेपर्यंत गोलाकार सरकत जाणारा शिकलेला हात लागला.

मागील वार्षिक सभेत गणिताच्या निवृत्त सरांनी विचारले होते की, पन्नाशीखालच्या बायकांचे काय. प्रश्न रास्त आहे आणि उत्तर झाकून देणगी मागणे मंडळाला मान्य नाही. त्या अभ्यासात पन्नाशीखालच्या स्त्रियांचे मृत्यू घटल्याचे दिसले नाही, आणि सर्व वयोगट एकत्र धरले तर १५ टक्क्यांची घट दिसली तरी संख्याशास्त्राच्या कसोटीवर ती ठाम म्हणता येत नाही. तथापि तरुण स्त्रियांमध्येही गाठ लवकरच्या अवस्थेत सापडली. लवकर सापडलेल्या गाठीला कमी शस्त्रक्रिया लागते, अनेकदा स्तन वाचतो. आपल्या देशात हा आजार पाश्चात्त्य देशांच्या मानाने सुमारे दहा वर्षे आधी, चाळिशी-पन्नाशीतच, मोठ्या प्रमाणावर दिसतो. आणि या वयात स्तनाची घडण दाट असल्याने मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेत, गाठ लपू शकते, तेव्हा सोनोग्राफीची जोड द्यावी लागते. म्हणून आम्ही सरसकट सर्वांची मॅमोग्राफी करीत नाही. आधी हाताची तपासणी, आणि शंका आली तरच पुढची पायरी, असा क्रम डॉक्टरीणबाईंच्या सल्ल्याने ठरविला आहे.

कोणाला धोका अधिक, हेही सभेत वारंवार विचारले जाते. वय हे सर्वांत मोठे कारण. पाळी लवकर सुरू होणे, उशिरा थांबणे, पहिले मूल उशिरा होणे किंवा न होणे, अंगावर न पाजणे, पाळी गेल्यानंतरचे वाढलेले वजन, दारू, ही इतर कारणे. आनुवंशिक दोषामुळे होणारे रुग्ण शंभरात पाच ते दहा. आई, बहीण किंवा मावशीला तरुण वयात हा आजार झाला असेल, तर मात्र चाळिशीची वाट न पाहता डॉक्टरांना सांगावे. हा आजार लागट नाही, आणि तो कोणाच्या पापाचे फळ नाही. हे वाक्य दरवेळी लिहावे लागते, याचे वाईट वाटते.

उपचारांतील संशोधनाबद्दल दोन गोष्टी सांगते, कारण वेळेवर पोहोचण्याचा अर्थ त्यातून कळतो. टाटा रुग्णालयाच्या नेतृत्वाखाली देशातील ११ केंद्रांत सुमारे १६०० स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती साध्या भुलीच्या औषधाचे इंजेक्शन दिले गेले. ज्यांना ते दिले त्यांच्यापैकी ९०.१ टक्के स्त्रिया पाच वर्षांनी हयात होत्या, ज्यांना दिले नाही त्यांच्यापैकी ८६.४ टक्के. दातांच्या दवाखान्यातही वापरले जाणारे हे स्वस्त औषध आहे. पण त्या अभ्यासातील स्त्रिया थेट शस्त्रक्रिया करता येईल इतक्या लवकर आलेल्या होत्या. याउलट, टाटामध्येच झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, पहिल्या निदानाच्या वेळीच आजार शरीरभर पसरलेला असेल तर स्तन काढल्याने आयुष्य वाढत नाही, असे दिसले. आपल्या मैत्रिणीच्या घरच्यांनी शेत गहाण टाकून ऑपरेशन करण्याची तयारी दाखविली होती, आणि डॉक्टरांनी नको म्हटले तेव्हा पैशासाठी नाही म्हणतात, असा गैरसमज झाला होता. तो आज तरी दूर व्हावा.

देशात २०२२ या एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजारांहून अधिक मृत्यू झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी स्तनाची तपासणी कधीतरी झालेल्या स्त्रिया देशभरात ०.९ टक्के निघाल्या. शंभरात एकही नाही. आपल्या गावात हे चित्र वेगळे आहे, आणि ते आशाताई, उपकेंद्रातील सिस्टर आणि आपण सर्वांनी मिळून वेगळे केले आहे, हे मी अभिमानाने लिहिते.

असे असताना मागील वर्षाचा अनुभव मनाला लागला, हे लपवीत नाही. घरोघर दिलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांना उत्तर आले नाही. त्याच महिन्यात चौकातील कमानीसाठी आठवड्यात रक्कम उभी राहिली. उत्सवाला आमचा विरोध नाही, आम्हीही त्या मांडवात रांगोळ्या घातल्या. परंतु एका प्रतिष्ठित गृहस्थांनी बायकांच्या असल्या आजाराचे पत्रक चौकात लावू नका, असे सांगितले, आणि ते लावायला गेलेल्या दोन मुली ते गुंडाळून परत घेऊन आल्या. त्यांच्या डोळ्यांतले पाणी मी पाहिले आहे. यंदा ते पत्रक लावले जाईल, आणि लावताना आपण सोबत उभे राहावे, ही देणगीइतकीच महत्त्वाची विनंती आहे.

पैसा कशाला लागतो, असे विचारले जाते, कारण उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत होतात. योजनेचा आधार मोठा आहे. परंतु आमचा अनुभव असा की बाई अडते ती निदान होण्याआधी आणि उपचार सुरू झाल्यानंतर घराबाहेर राहताना. सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि सुईच्या तपासणीसाठी दोन-तीन खेपा होतात, आणि प्रत्येक खेपेला दोघांचा रोज बुडतो. केमो बहुधा एकवीस दिवसांनी असते. रेडिएशन, म्हणजे आपल्याकडचा शेक, आठवड्याचे पाच दिवस असा काही आठवडे चालतो. २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट झाले, त्याचा फार उपयोग झाला, पण सोबतच्या नवऱ्याला किंवा मुलाला पूर्णच पडते. मुंबईला जावे लागले तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी सोय होते, तीही जागा मिळाली तर. नंतर अनेकींना पाच वर्षे रोज एक गोळी घ्यायची असते, आणि बरे वाटू लागले की तीच गोळी पहिल्यांदा बंद होते.

पुढील फेरीसाठी एकूण ₹३,४०,००० लागतील. हाती ₹९५,००० आहेत. उर्वरित रकमेतून आरोग्यसेविकांचे मानधन व उजळणी प्रशिक्षण, शंका आलेल्या स्त्रियांच्या तपासण्या, प्रवास व मुक्काम आणि गोळ्या हा खर्च होईल. ज्वारीच्या काढणीत माणसे अडकण्यापूर्वी, म्हणजे जानेवारीअखेर, फेरी पूर्ण करावयाची असल्याने रक्कम संक्रांतीपूर्वी मिळावी. देणगी मंडळाच्या नेहमीच्या बँक खात्यात किंवा खजिनदार काकूंकडे द्यावी व पावती घ्यावी. लहान रक्कमही चालेल, हप्तेही चालतील. तपासणी ३० वर्षांवरील सर्व स्त्रियांसाठी विनामूल्य, मंडळाच्या खोलीत पडद्याआड, स्त्री सेविकेकडूनच होईल, व कोणाचेही नाव बाहेर जाणार नाही. मागील जमाखर्च खोलीतील फळ्यावर लावला आहे.

आपली नम्र,
कार्यवाह

ता. क. शिंपी मावशींकडील सुती कापड संपत आले आहे. वापरून मऊ झालेल्या, न फाटलेल्या सुती साड्या धुऊन, घडी करून मंडळाच्या खोलीत आणून द्याव्यात. जरीच्या साड्या देऊ नयेत, त्या टाक्यांवर टोचतात. मोहरी किराणा दुकानदार भाऊ देणार आहेत.