फुगलेल्या मुळांची गोष्ट

प्रिय नंदू,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले, उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. “बोटभर रोपट्यांत दिवसभर काय बघतोस?” असं विचारलंस. खरं सांगू? बिघाड बघतो.

आमचं रोप म्हणजे मोहरीच्या कुळातलं अरॅबिडॉप्सिस. दीड-दोन महिन्यांत पुन्हा बी हाती येतं. बी रसायनात भिजवायचं, जनुकांत कुठेतरी चूक होऊ द्यायची आणि पुढच्या पिढ्यांत वेडंवाकडं वाढलेलं रोप, म्हणजे म्युटंट, हुडकायचं. पेशीभित्तिका, म्हणजे पेशीभोवतीची भिंत, कशी बनते हे धडधाकट रोप सांगतच नाही.

परवाच फजिती झाली. एका म्युटंटच्या प्लेट्स मी चुकून २१ अंशांवरच ठेवल्या. मुळं सरळ, सुतासारखी. बियांची अदलाबदल झाली म्हणून टाकून देणार होतो, तेवढ्यात आठवलं, याचा दोष उष्णतेतच दिसतो! ३१ अंशांवर ठेवल्या. दोन दिवसांनी मायक्रोस्कोपखाली बघतो तर मुळांची टोकं गाजरासारखी फुगलेली. पिंपाला कड्या असतात ना, तसे या भिंतीतले सेल्युलोजचे धागे पेशीला आडवे वेढे घालतात. पेशीत पाण्याचा दाब असतोच; कड्या ढिल्या पडल्या की ती लांब होण्याऐवजी आडवी सुटते. हे बिघडलेलं जनुक १९९८ मध्ये सापडलं. सेल्युलोज विणणाऱ्या एन्झाइमचंच निघालं ते!

याच रोपाच्या दुसऱ्या एका प्रकारच्या म्युटंटमध्ये पाणी वर नेणाऱ्या नळ्याच चेपतात, दाट सरबत ओढताना कागदी नळी चेपते तशा. तीन वेगवेगळ्या जनुकांपैकी कुठलंही एक बिघडलं तरी परिणाम तोच. म्हणजे तिघं मिळूनच काम करतात, एक गेला की गाडं अडतं.

पण मला सगळ्यात आवडतो तो २००८ चा धक्का. झायलोग्लुकन हे पेशीभित्तिकेतलं आणखी एक द्रव्य सेल्युलोजचे धागे एकमेकांना बांधून ठेवतं, असं पुस्तकांत ठासून लिहिलेलं. संशोधकांनी ते बनवणारी दोन जनुकं एकदम बंद केली. झायलोग्लुकन सापडेना, आणि रोप? मुळांवरचे केस बिघडले, अंगानं जरा लहान राहिलं, पण जगलं की! बांधणीची चित्रं पुन्हा काढायची वेळ आली. तेव्हापासून पुस्तकातल्या सुबक आकृतीकडे मी जरा तिरक्या नजरेनंच बघतो.

सध्या मीही दोन म्युटंटांचा संकर केलाय. शेंगा अजून हिरव्या आहेत. त्या वाळण्याआधी तुझं पत्र येऊ दे.

तुझा,
सुधीर