भिंतीला भोकं ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत उतारावरच्या बागेबद्दल लेख आला आहे. फोटोतली दगडी भिंत देखणी आहे. सांधे सिमेंटने बुजवलेले, वरून चकचकीत पॉलिश. झाडं कोणती लावावीत ते सगळं लिहिलंय, पण भिंतीमागचं पाणी कुठून निघणार, याबद्दल चकार शब्द नाही.

मी अजिंक्यताऱ्याच्या उताराला, शाहूनगरात राहते. इथे भिंतीशिवाय बागेतली माती थांबतच नाही. गेल्या आषाढात आमच्याच गल्लीतली एका बंगल्याची सहा फुटी भिंत आडवी झाली. विटांचं काम, दोन्हीकडून प्लास्टर आणि भोक एकही नाही. ‘पाऊसच फार झाला’ म्हणून कंत्राटदार मोकळा! साताऱ्यात आषाढात पाऊस पडणार नाही तर काय पडणार?

मी शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. भिंतीमागे तीन फूट पाणी तुंबलं, तर दर फूट लांबीला साधारण १२५ किलोचा रेटा बसतो. पाणी सहा फूट चढलं की रेटा दुप्पट नाही, चौपट होतो, म्हणजे ५०० किलोच्या आसपास. मातीचा रेटा वेगळाच. त्यात आपली काळी माती पाणी पिऊन फुगते. पाण्याला वाट दिली, तर यातला मोठा भार भिंतीवर येतच नाही.

आमची साडेतीन फुटी भिंत एका वयस्कर वडार मामांनी सिमेंटचं घमेलंही न कालवता रचली. आधी माती उपसून मुरूम लागेपर्यंत चर खणला, तळाला दोन फूट रुंदी धरली. माझ्या मुलाला चपटे, देखणे दगड दर्शनी बाजूला उभे लावायचे होते. मामा म्हणाले, “दादा, दगडाचं तोंड नगा बघू, शेपूट बघा.” मग लांब दगड निवडून ते आडवे, आत मातीकडे घातले. सांध्यावर सांधा येऊ दिला नाही. दगड डुगडुगला की चीप ठोकायची ती मागून, पुढून नाही. भिंत ओळंब्यात सरळ नाही, फुटामागे दोन इंच डोंगराकडे कललेली आहे. मागे फूटभर रुंद खडी, आणि खडीत माती उतरू नये म्हणून मध्ये जिओटेक्स्टाइलचं कापड. पहिल्या मोठ्या पावसात सांध्यासांध्यातून पाणी झिरपत होतं, तेही गढूळ नाही, नितळ. आता तिथे नेचे उगवलेत, न लावता.

ज्यांना सिमेंटच हवं त्यांनी खुशाल वापरावं, पण दर चार-पाच फुटांवर तीन इंची पाइप आरपार ठेवावा आणि मागे खडी भरावी. चार फुटांच्या वर भिंत जाणार असेल, तर इंजिनिअरला विचारावं. तिथे मामांचा अंदाज आणि माझं गणित दोन्ही पुरे पडत नाहीत.

२०२१च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. त्या संकटाशी बागेतल्या भिंतीची बरोबरी मी करत नाही. पण पाणी मुरलेला उतार काय करू शकतो, हे आपल्या जिल्ह्याला निराळं सांगायला नको. उतारावरच्या घराला परवानगी देताना नगरपालिकेने भिंतीच्या नकाशात भोकं आणि पाण्याची वाट दोन्ही दाखवायला लावावीत. वरच्याने भोकं ठेवायची आणि पाणी खालच्याच्या ओट्यावर सोडायचं, हेही चालू देऊ नये. त्यावरून बोलणं टाकलेली दोन घरं आमच्या गल्लीत आहेत.

पुरवणीत पुढचा लेख एखाद्या वडाराशी बोलून द्यावा, आणि जमलं तर मृगाच्या आधी. एकदा पावसाला सुरुवात झाली की चर खणता येत नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
शाहूनगर, सातारा