रविवारच्या बैठकीबद्दल सूचना

मंडळी, रविवारी संध्याकाळी ७ वाजता आपल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टची ऑनलाइन बैठक आहे. मागच्या वेळी दारव्ह्याकडचा एक मुलगा पहिल्यांदाच आला होता. आपण आपसातल्याच जुन्या गोष्टी बोलत बसलो अन् तो माइक न उघडताच निघून गेला. मला ते फार लागलं. कापसाच्या वजन-नोंदीतली चूक शोधून त्यानं पॅच (दुरुस्तीचा कोड) पाठवला होता, तो अजून कोणी उघडूनही पाहिला नाही.

या वेळी पहिली दहा मिनिटं नवीन लोकांची. विषयांची यादी शुक्रवारीच रेपॉझिटरीत (गिटवर आपला कोड ठेवायची सामायिक जागा) टाका. बाहेरच्यांसाठी यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळही लिहा, म्हणजे दुपारी १:३०. टपरीवर चहा पिताना जे ठरतं, ते बैठकीत मांडल्याशिवाय पक्कं धरू नका. लाइन गेली की अर्धे जण तुटतात, म्हणून इतिवृत्त सोमवारी गिटवर हवंच. त्या मुलाला मी फोन केला, येतो म्हणाला.