पेटीवर मुलीची अक्षरं, सुताराचं नाव नाही

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. आपल्या रविवार पुरवणीतला अमेरिकेतल्या वसाहतकालीन फर्निचरवरचा लेख आवडीने वाचला. निकोलस ब्राउन या व्यापाऱ्याचं डेस्क १९८९मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी २१ लाख डॉलरना गेलं, हे त्यात आलं आहे. पण ते काम ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्ट गावच्या टाउनसेंड आणि गॉडर्ड या सुतार घराण्यांच्या परंपरेतलं, हे राहून गेलं. क्वेकर या ख्रिस्ती पंथाची, आपसांत सोयरिकी जमलेली ही दोन घराणी. महोगनीवर कोरलेला शिंपला बघून जाणकार त्यांचं काम ओळखतात.

मी सुताराचा मुलगा, म्हणून हे मनाला लागलं.

त्याआधीची, सतराव्या शतकातली, मॅसॅच्युसेट्सची ओकची पेटी घ्या. ओंडका करवतीने कापायचा नाही, पाचरी ठोकून उभा फाडायचा, म्हणजे फळी लाकडाच्या रेषेनेच सुटते. काम ओल्या लाकडावर, कारण वाळलेला ओक पटाशीला दाद देत नाही. चौकटीचा सांधा कुसू आणि खाचेचा, म्हणजे एका लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ दुसऱ्याच्या खाचेत, सरसाविना. कुसवातलं भोक खाचेच्या भोकापेक्षा किंचित कुसवाच्या मुळाकडे, मुद्दाम चुकवून पाडलेलं. निमुळती खुंटी ठोकत नेली की ती कुसू आत ओढून घेते आणि सांधा आवळतो. माझे वडील दाराची चौकट जोडताना हेच करत. शेवटच्या ठोक्याला लाकूड कर्र करायचं, मग ते हात फिरवून बघायचे. मॅसॅच्युसेट्समधल्या इप्सविच गावच्या सुताराचा हातही तसाच फिरला असणार, याबद्दल मला जराही शंका नाही.

त्या इप्सविचमधली दोन नावं तरी टिकली आहेत. विल्यम सर्ल इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातून आला, तिथली पानाफुलांची कोरीव वळणं हातात घेऊन. तो १६६७मध्ये वारला. पुढच्या वर्षी त्याच्या विधवेशी, ग्रेसशी, थॉमस डेनिस या सुताराने लग्न केलं. दोघांचं कोरीवकाम इतकं जवळचं आहे, की कुठली पेटी कोणाची यावर अभ्यासक आजही वाद घालतात.

कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यातल्या हॅडली पेट्यांवर तर मालकिणीची आद्याक्षरं दर्शनी भागावर ठळक कोरलेली दिसतात. बहुतेक पेट्या लग्नाच्या वयाच्या मुलींसाठी केलेल्या. अक्षरं ज्याने कोरली त्याचं स्वतःचं नाव मात्र सहसा पेटीवर नसतं.

आणि लेखात ज्याचा शब्दही नाही ते दक्षिण कॅरोलायनातलं चार्ल्सटन शहर. तिथल्या थॉमस एल्फ या फर्निचर कारागिराची १७६८ ते १७७५ या काळातली हिशेबवही आजही उपलब्ध आहे, म्हणून त्याचं नाव अभ्यासकांच्या तोंडी आहे. पण त्याच्या दुकानात गुलाम कारागीरही राबत होते. ज्या महोगनीवर त्या काळातल्या श्रीमंत घरांचा दिमाख उभा राहिला, ती जमैकासारख्या ठिकाणच्या जंगलांत तोडणारेही गुलामच. एखादी खुर्ची 'एल्फची' म्हणताना तिचे पाय कोणी घडवले, हे विचारलंच पाहिजे.

लेखकाची मेहनत दिसते, हे मोकळेपणाने सांगतो. विनंती एवढीच, की चार्ल्सटनच्या या कारागिरांवर पुरवणीत एक स्वतंत्र लेख द्यावा आणि फोटोंखाली मालकाबरोबर घडवणाऱ्याचंही नाव छापावं. ते माहीत नसेल तिथे 'कारागीर अज्ञात' असं तरी लिहावं.

आपला,
एक वाचक, कुडाळ