जाळरेषा मार्चमध्ये पुन्हा झाडून घ्या

संपादक महोदय,

डोंगरावर रात्री लाल रेघ दिसली की नाशिककरांचे फोन वाजू लागतात. कुणी व्हिडिओ टाकतो, कुणी ओल्या फांद्या घेऊन धावतो, आठवडाभरात रोपांसाठी वर्गणीही जमते. तळमळ खरी आहे, पण ती तीन महिने उशिरा येते.

वणवा अडतो तो जाळरेषेवर, म्हणजे गवत काढून मोकळ्या केलेल्या पट्ट्यावर. अंजनेरी असो की रामशेज, डोंगरावरचे गवत दिवाळीनंतर वाळू लागते. ते पुरते वाळण्याआधी, डिसेंबरात, किमान 6 मीटर रुंदीच्या पट्ट्यात बुडापासून कापायला हवे. पट्टा शक्यतो डोंगराच्या धारेवरून, म्हणजे माथ्याच्या कण्यावरून न्यावा. उताराच्या मध्यावर काढला तर पेटलेले ओंडके गडगडत रेषा ओलांडतात. कापलेले गवत तिथेच पडू दिले तर तेच वाळून आगीला वाट करून देते. चाऱ्यासाठी उचलावे, नाहीतर वनविभागाच्या देखरेखीखाली पहाटेच्या दवात पट्ट्यातच जाळावे.

आणखी एक गोष्ट हमखास राहते. सागाची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये ही रेषा पुन्हा भरून टाकते. खराटा फिरवला नाही, तर डिसेंबरची सगळी मेहनत वाया. म्हणून निधी मागतानाच ग्रामपंचायती आणि वनसमित्यांनी दुसऱ्या झाडणीची मजुरी धरावी, ही आमची कळकळीची विनंती आहे.

ऑगस्ट 2023मध्ये हवाई बेटांवरचे लाहैना जळाले, सुमारे शंभर माणसे गेली. पडीक ऊसमळ्यांत माजलेले वाळके गवत आणि सोसाट्याचा वारा एवढे पुरले. तापलेली हवा गवतातला ओलावा लवकर शोषते. आपल्याकडेही ते आता वेगळे नाही.

आग विझवायला जाणाऱ्यांसाठी: उतार 10 अंशांनी वाढला की चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. तिच्या वरच्या अंगाला किंवा घळीत उभे राहूच नका. मार्च 2018मध्ये तमिळनाडूतल्या कुरंगणीच्या डोंगरात वीसहून अधिक ट्रेकर वणव्यात सापडून गेले. जळून गेलेल्या बाजूने शिरून कडेकडेने पुढे सरका. फांदी उंचावून हाणली की ठिणग्या उडतात. ती ज्वाळेवर दाबून जळालेल्या बाजूला ओढायची. कपडे सुतीच हवेत, नायलॉन वितळून कातडीला चिकटते. आग विझल्यासारखी दिसली तरी बुंधे आणि वाळलेले शेण आतून धुमसत राहते आणि दुपारच्या वाऱ्याने पुन्हा पेटते. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत दोन माणसे तिथे ठेवाच.

उपग्रहावर विसंबू नका. आग टिपणाऱ्या उपग्रहांची मुख्य फेरी दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास होते; चारला लागलेली आग त्यांना मध्यरात्रीनंतर दिसते. धूर दिसताच 1926 या वनविभागाच्या हेल्पलाइनवर गावाचे आणि डोंगराचे नाव सांगा, व्हिडिओ नंतर काढा.

आणि जळालेल्या उतारावर लगेच जूनमध्ये खड्डे खणू नका. साग, पळस बुंध्यातून पुन्हा फुटतात. उकरलेली माती मात्र पहिल्याच पावसात ओढ्याला जाते.

आपले,
वणवा विझवायला जाणारे काही नाशिककर