उंदरांना विष नंतर, आधी भोके बुजवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की गोव्यातल्या इमारतींत दोन कामे हटकून निघतात, रंगाचे आणि उंदरांचे. रंग निदान दोन वर्षे टिकतो. उंदरांसाठी बोलावलेला कंत्राटदार पाइपांच्या शाफ्टमध्ये आणि गटाराच्या चेंबरशेजारी विषाच्या वड्या टाकून जातो, आठ दिवस जिन्यात दुर्गंधी सुटते आणि गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधेपर्यंत नवे उंदीर हजर. चूक औषधाची नाही, क्रमाची आहे. वाट उघडी असेल तर मेलेल्याची जागा गटारातला दुसरा घेतो. मादीला गर्भार राहिल्यापासून तीन आठवड्यांत सहा-आठ पिल्ले होतात, तेव्हा नुसते मारत बसून हा हिशेब कधीच मिटत नाही.

आधी पाहुणा कोण ते ओळखावे. कौलांखाली किंवा फॉल्स सीलिंगवर खुडबुड ऐकू येत असेल तर तो घरउंदीर. माड, केबल, पाइप, कशावरूनही चढतो. त्याची लेंडी दोन्ही टोकांना निमुळती, सुमारे 12 मिलिमीटरची. चिऱ्याच्या कुंपणाखाली किंवा चेंबरच्या कडेला ताज्या मातीचा ढीग दिसला तर ती घूस. चिंचिं करत भिंतीकडेने पळणारी, उग्र वासाची चिचुंद्री मात्र उंदीर नव्हेच. ती झुरळे-किडे खाते, तिला विष घालू नये. येण्याजाण्याची वाट कळत नसेल तर रात्री भिंतीलगत टाल्कम पावडरचा पातळ थर द्यावा. सकाळी पावले उमटलेली दिसतात.

ज्या भोकात पेन्सिल जाते ते बुजवायचे, हा साधा नियम. लहान उंदराला तेवढी जागा पुरते. सिंकच्या दोन इंची पाइपासाठी चार इंची भोक पाडून निघून जाणारा प्लंबर हा उंदरांचा खरा सोयरा! एसीच्या पाइपाचे भोक, एक्झॉस्ट फॅनची खिडकी, जाळी नसलेला नहाणी ट्रॅप, शाफ्टच्या दाराखालची फट ही बाकीची ठरलेली ठिकाणे. फटी भरायचा नुसता फोम मारला तर उंदीर तो कुरतडून टाकतो. भांडी घासायची तारेची घासणी घट्ट कोंबून वर सिमेंट-वाळूचा थर द्यावा. घासणी स्टेनलेस स्टीलचीच घ्यावी, आपल्या खाऱ्या दमट हवेत साधी गंजून भुगा होते. मोठ्या झरोक्याला पाव इंची धातूची जाळी लावावी, डासांची प्लास्टिक जाळी इथे कुचकामी. माडाची झावळे छपरापासून मीटरभर दूर ठेवावीत आणि खोडाला जमिनीपासून 2 मीटरवर 40 सेंटिमीटर रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळावा. शेजारच्या माडाची झावळे याच्यात गुंतलेली असतील तर पत्र्याचा खर्च फुकट.

आत अडकलेले उंदीर सापळ्यांनी काढावेत. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून एकच सापळा पहिल्याच रात्री लावणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. घरात निदान सहा सापळे भिंतीला काटकोनात, आमिषाचे टोक भिंतीकडे करून ठेवावेत. भाजलेले खोबरे किंवा सुके सुंगट (कोळंबी) दोऱ्याने बांधून तीन-चार रात्री चाप न लावता खाऊ द्यावे, मग सगळे चाप एकाच रात्री लावावेत. चिकट पुठ्ठे क्रूर आहेत, त्यावर उंदीर तासन् तास तडफडतो. पुरुमेंताची (पावसाळ्यासाठी साठवलेली) सुकी मासळी आणि तांदूळ पत्र्याच्या डब्यात नसतील तर तुमच्या खोबऱ्याकडे तो ढुंकूनही पाहणार नाही, हेही ध्यानात असावे.

विष शेवटी, आणि तेही घराबाहेर. ब्रोमॅडिओलोन या रक्त गोठू न देणाऱ्या विषाच्या 0.005 टक्क्याच्या मेणवड्या बंद पेटीत तारेने अडकवाव्यात आणि दर तीन-चार दिवसांनी पाहून खाल्लेल्या बदलाव्यात. उंदीर मरायला चार-सात दिवस लागतात, म्हणूनच त्याला वडीचा संशय येत नाही. झिंक फॉस्फाइड या दुसऱ्या विषाचे उलट होते. कमी खाल्ले की उंदीर काही तासांत आजारी पडतो, वाचला तर पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही, आणि पावसात भिजले की त्यातून विषारी वायू सुटून त्याचा जोरही जातो. या विषावर उतारा नाही. ब्रोमॅडिओलोनवर व्हिटॅमिन के-1 आहे, तरी मूल किंवा कुत्र्याने वडी चघळली तर ताबडतोब डॉक्टर गाठावा. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट घरात आणूच नये, ती माणसाचे यकृत निकामी करते.

लेंड्या कोरड्या झाडू नयेत. दहा भाग पाण्यात एक भाग ब्लीच मिसळून ओतावे, दहा मिनिटे थांबावे, मग हातमोजे घालून पुसावे. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा रोग पसरतो आणि पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून पायाच्या जखमेवाटे तो शिरतो.

सोसायट्यांनी कोटेशन मागताना वड्यांचे किलो विचारू नयेत. कोणत्या मजल्यावर किती भोके, ती कशाने बुजवणार आणि तीन महिन्यांनी पुन्हा कोण तपासणार, हे लिहून घ्यावे. नगरपालिकांनी फुटलेल्या गटारांवर स्लॅब टाकावेत, आणि ओल्या कचऱ्याची बादली रात्री जिन्याखाली न ठेवता सकाळी गाडी येईल तेव्हाच बाहेर काढावी, अशी सूचनाही सोसायट्यांनी इमारतीत लावावी.

आपला,
इमारतींच्या देखभालीचे काम करणारा एक वाचक, फोंडा