‘धोका कमी’ सांगणाऱ्या हिरड्यांच्या अहवालाबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : हिरड्यांच्या आजाराचा धोका चुकीचा ठरवून दिल्याबाबत

महोदय / महोदया,

आपल्या अ‍ॅपवरून माझ्या पतींनी पैसे भरून हिरड्यांचा ‘धोका अहवाल’ घेतला. हिरवी पट्टी, ‘धोका कमी’, पुढची तपासणी वर्षभराने, असा तो अहवाल. थोड्याच दिवसांत त्यांची एक दाढ हलू लागली म्हणून आम्ही दंतवैद्यांकडे गेलो. त्यांनी प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी प्रोब (खुणा केलेली बारीक सळई) घालून दात आणि हिरडी यांच्यातल्या फटीची, म्हणजे पॉकेटची, खोली मोजली, एक्स-रे काढले आणि निदान सांगितले : पेरिओडॉन्टायटिस, तिसरा टप्पा, श्रेणी ‘सी’. म्हणजे झपाट्याने वाढणारा पायोरिया.

नुसता अंदाज चुकला म्हणून मी हे पत्र लिहिले नसते. तो कशाच्या जोरावर बांधला हे वाचले आणि राहवले नाही.

‘धोका कमी’ ठरवण्याचे कारण म्हणून अहवालात एकच ओळ आहे : ‘ब्रश करताना रक्त येत नाही.’ खरे आहे, येत नाही. पण त्याच फॉर्मवर त्यांनी दिवसाला १५ सिगारेटी असे स्वच्छ भरले आहे. सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, आत हाड झिजत असले तरी. दंतवैद्यकात ही काही नवी माहिती नाही. इतरांच्या बाबतीत जे चांगले लक्षण, तेच इथे फसवे ठरते. आपण सिगारेटींचा आकडा घेतलात आणि वापरला मात्र कुठेच नाही. मग विचारला कशाला?

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात दिवसाला १० किंवा जास्त सिगारेटी ओढणाऱ्या रुग्णाची श्रेणी ‘सी’पर्यंत नेतात. मधुमेह्याचे एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ७ टक्के किंवा वर असले तरी तेच. आपल्या फॉर्मात मधुमेहाला नुसते ‘हो / नाही’. पतींना मधुमेह नाही, पण ज्यांना आहे त्यांचे काय?

हाडाचे गणित तर साध्या भागाकाराचे आहे. सर्वांत झिजलेल्या जागी हाड मुळाच्या लांबीच्या ५० टक्के गेले आहे, वय ४२. पन्नास भागिले बेचाळीस, म्हणजे १ च्या वर, आणि १ च्या वर गेले की पुन्हा ‘सी’च. त्यासाठी एक्स-रे हवा. आपण मागवले मोबाइलवर काढलेले फोटो, आणि फोटोत ना हाड दिसते ना पॉकेटची खोली. लँग आणि टोनेटी या हिरड्यांच्या तज्ज्ञांच्या २००३ च्या धोका-मापन पद्धतीत रक्तस्रावाबरोबर ५ मिलिमीटर वा अधिक खोल पॉकेट, पडलेले दात, वयाच्या मानाने हाडाची झीज, अंगातले इतर आजार आणि धूम्रपान हे सगळे एकत्र पाहतात. त्यातल्या एकाच गोष्टीवर, तीही रुग्णाच्या तोंडी सांगण्यावर, आपण वर्षभराची मुदत देऊन मोकळे झालात. अहवाल दाखवून पती मला सांगत होते की आता दंतवैद्यांकडे जायची गरज नाही!

अहवालाचे पैसे परत करावेत. हा अहवाल मागे घेतल्याचे लेखी द्यावे. तो त्यांच्या आरोग्य नोंदींत राहता कामा नये. आणि ज्यांनी ज्यांनी फॉर्मवर धूम्रपान ‘हो’ भरले व तरीही ज्यांना हिरवी पट्टी मिळाली, त्या सर्वांना प्रोबने तपासणी करून घ्यायला आपणहून कळवावे. किती जणांना कळवले, तेही मला उत्तरात हवे आहे.

सोबत : आपला अहवाल, भरलेला फॉर्म, पॉकेटच्या नोंदींचा तक्ता व एक्स-रेच्या प्रती.

आपली,
एक ग्राहक